पात्याखालचं पॅकिंग

३ मार्च, सोमवार
आज चौथ्यांदा ह्यांची दाढी मी केली. लकव्याच्या झटक्याने ह्यांचा उजवा हात गेला, जीभ मात्र शाबूत आहे. जुन्या रेझरने नुसती खरखर, केस ओढले जातात. "हळू वं! म्हैस भादरून राहिली का?" एवढी वर्षं मी शाळेत पोरं सांभाळली, एक गाल सांभाळता येत नाही!
जानेवारीपासून हे रविवारच्या वंदनेला विहारात गेले नाहीत. खुंट घेऊन वंदनेला बसणार नाही म्हणतात. चार माणसांत गेले नाहीत तर असेच झिजतील, ही माझी भीती.

५, बुध.
मुलाने पुण्याहून ट्रिमर पाठवला. ह्यांनी एकदा चालू केला, एकदा बंद केला. "हे तं गवत कापाचं यंत्र आहे." रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून डॉ.ही ट्रिमरच म्हणाले. सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

६, गुरु.
आयुष्यभर कारखान्यात लेथवर लोखंड कातलेला माणूस. आज रेझर उघडायला लावलं, चष्मा लावून पाहिलं. निदान: पातं फक्त मधोमध दाबलं जातं, धार बाहेर लोंबते. "लेथवर टूल जास्त बाहेर काढलं का थरथरते. हे पातंबी तसंच थरथरून राहिलं. खालून पॅकिंग दे."
म्हणजे काय, तर जुन्या पात्याच्या दोन्ही धारा कापून टाकायच्या आणि मधली पट्टी नव्या पात्याखाली घालायची. माझी शिवणाची कात्री गेली कामातून.

७, शुक्र.
थरथर थांबली, खोटं कशाला बोलू. पण पातं पट्टीमुळे वर उचललं गेलं आणि हनुवटीखाली खोल लागलं. रक्त थांबेचना. पाऊण तास मी रुमाल दाबून बसले. आणि हे शांतपणे, "पॅकिंग जाड झालं."
मी ओरडले. मग रडले. स्वयंपाक नाही केला.

९, रवि.
विहारात गेलो नाही. हनुवटीला पट्टी.

११, मंगळ.
नव्या रेझरसाठी इतवारीच्या बाजारात. चौथं दुकान. पात्याचं पाकीट पर्समधून काढलं, म्हटलं लावून दाखवा, धार किती बाहेर डोकावते ते पाहायचंय. दुकानदार: "काकू, दाढी कोनाची कराची आहे?" तुमची करू का, म्हटलं. लगेच लावून दाखवलं.
शेवटी एक रेझर मिळालं. पात्याला चांगली कमान येते, आणि वरचं टोपण न् खालची प्लेट त्याला धारेजवळ धरतात. घरी ह्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "हं. याले म्हणतात पकड." माझ्या खरेदीला एवढ्या संसारात पहिल्यांदा हं!

१६, रवि.
सकाळी दाढी. एक ओरखडा नाही. पातं जागचं हललं नाही, केस न ओढता निघाले. मलाच हसू येत होतं. पांढरा सदरा घातला, ऑटो बोलावला.
ह्यांनी आरसा मागितला. दिला. बराच वेळ पाहत राहिले. मग, "आज नाही."
डोकंच फिरलं माझं. "काहून? आता काय राहिलं?"
डाव्या हाताने ओठाचा उजवा कोपरा वर ढकलला. सोडला. तो परत खाली आला.
झटक्याने वाकडं झालेलं तोंड खुंटांमध्ये एवढं दिसत नव्हतं. इतके दिवस मी गाल पाहिला, हनुवटी पाहिली, चेहरा पाहिलाच नाही. स्वतःचा इतका राग आला.
"लोक पाहतीन वं," एवढंच म्हणाले.
ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. खाली जाऊन सांगितलं, "पाच मिनिटं थांब गा."
वर आले तर अजून आरसा धरून बसलेले. समोर बसून हे लिहिते आहे. चला म्हणवत नाही. राहू द्या, तेही म्हणवत नाही.