पोलादाहून पक्क्या मिशा

सांगली, २ जानेवारी १९७६
संकल्प : वर्षअखेर जगात नाव. भाताची तुसं झाकबंद मुशीत भयंकर तापवली की केसासारखे सिरॅमिक स्फटिक उगवतात. व्हिस्कर! पोलादाहून मजबूत. अमेरिकन मासिकात वाचलं. आमच्या कॉलेजचे विभागप्रमुख लालासाहेब म्हणाले, "म्हंजे मिशा? मार्चपतुर उगवा. न्हाईतर तुमची मागची खोली एन.सी.सी.च्या बुटांना." गाढवाला गुळाची चव काय!

११ जानेवारी
गुंडा नावाच्या फौंड्रीवाल्याची कोकची भट्टी मिळाली. स्वारी चौथी नापास. चौदाशे डिग्री लागेल म्हटलं. म्हणाला, "डिग्री तुमच्याकडं, सर. मी जाळाचा रंग बघतो." अशांच्या हाती विज्ञान!

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाल्ला. गोड बोलायच्या लायकीचा माणूस भेटला नाही.

१८ जानेवारी
मुशी निवल्या. आत नुसती करडी-हिरवट भुकटी. गुंडानं घाण केली. गोणपाटात भरून सायकलवर घरी आणली.
सायं. ६ : भुकटीत सोनेरी केस! दोन-दोन इंच! अमेरिकेत मिलिमीटरभरही उगवत नाहीत. बिचारे. चिमट्यानं चाळीस वेचले. उरलेली घाण भांडीवाल्या धोंडुबाईला फेकायला दिली.

२३ जानेवारी
केस मुंबईच्या प्रयोगशाळेला रजिस्टर्ड पोस्टानं. लालासाहेबांना सुनावलं. "बघू की," म्हणाले. जळतात.

९ फेब्रुवारी
धोंडुबाईनं स्टीलच्या पातेल्याचं बूड खरवडलं. काचेच्या पेल्यांवर चरे. झापलं. म्हणे, "आवं, तुमचीच राख हाय ती. लय झ्याक घासतीया, करपल्यालं बी निघतंय." फेकायला सांगितली, तर भांड्यांना! अडाणी ती अडाणीच.

२२ मार्च
मुंबईचा रिपोर्ट. 'नमुना : तागाचे धागे. बहुधा गोणपाटाचे.' खाली हातानं लिहिलंय : 'खरे व्हिस्कर नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मुशीतली भुकटी काचेवर चरा पाडत असेल, तर अभिनंदन. ती ताबडतोब पाठवा.'
धोंडुबाईच्या दारात पळत गेलो. पहिल्यांदाच अहोजाहो केलं. "ती व्हय? सपली की. शेवटची मूठ लालासायबांच्या वैनीस्नी दिली. त्यांचा तवा लय काळा."
सायं. ७ : लालासाहेबांच्या मोरीत उकिडवा बसून तवा खरवडला. चिमूटभरही भुकटी हाती लागली नाही. ते दारात उभे, मिशीला पीळ देत.
म्हणाले, "मास्तर, घासून झालं की तवा पालथा घाला."