उत्तरेश्वराला बोलावण्याजोगा चहा

दि. २५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी, पूजेनंतर.

आजपासून रोजनिशी. नात वर्षाराणी दिवाळी आटोपून पुण्यास परत गेली. जाताना मला चहाची पेटी देऊन गेली. आत सहा डबे. दार्जिलिंग, ग्रीन, ऊलाँग, व्हाइट आणि आणखी दोन, ज्यांची नावे तिलाही धड उच्चारता आली नाहीत. सर्व अख्ख्या पानांचे. मी स्वतः वडवणीच्या पेठेत आयुष्यभर सुटी चहापत्ती विकली. ती पत्ती नव्हतीच, असे आता माझे मत झाले आहे. हे मुलास, चि. योगीराजास, कळवले. दुकान हल्ली तोच पाहतो. तो म्हणाला की गिऱ्हाइकाला सांगू नका.

संकल्प : सहाही प्रकार शास्त्रोक्त करून पाहणे. त्यांतील सर्वोत्तम निवडणे. तो निर्दोष जमला की धाकटे बंधू चि. उत्तरेश्वर यांस चहाला बोलावणे.

घाई नाही.

दि. २६ ऑक्टोबर, रविवार.

बोलावण्यास एवढी तयारी कशाला, असे नीलाबाईने विचारले. ती माझी पत्नी आहे, तरीही विचारते. म्हणून कारण लिहून ठेवतो.

अकरा वर्षांपूर्वी उत्तरेश्वराच्या मुलीचा साखरपुडा झाला. मी थोरला. मला चहा शेवटी आला, तोही कोमट, वर साय धरलेला. मी भरला कप तसाच ठेवून उठलो आणि नव्या सोयऱ्यांदेखत एवढेच म्हणालो की यापेक्षा म्हशीपुढे ठेवलेले पाणी बरे. यात एकही शब्द असभ्य नाही. त्यावर उत्तरेश्वर म्हणाला की आप्पा, चांगला चहा कसा असतो, तो एकदा तुमच्या घरी बोलावून दाखवा.

तेव्हापासून दोन घरांत एक भिंत आहे आणि येणे-जाणे नाही. बायका भिंतीवरून बोलतात, त्यास मी येणे-जाणे धरत नाही. आमच्या भावकीत अबोला मोडण्याची रीत अशी की थोरल्याने चहाला हाक मारायची, धाकट्याने येऊन कप रिकामा करायचा. माफी नाही, पंच नाही. कप रिकामा झाला की विषय संपला.

म्हणजे हाक मी मारायची आहे. परंतु त्याने जे आव्हान दिले आहे ते पाहता साधा चहा चालणार नाही, हे कोणीही सुज्ञ माणूस मान्य करील.

दि. २७ ऑक्टोबर, सोमवार.

दार्जिलिंग. वर्षाराणीने फोनवरून कृती सांगितली. पाणी उकळायचे नाही. दूध नाही. साखर नाही. पाने गरम पाण्यात तीन मिनिटे ठेवून गाळायची. मी विचारले की मग याला चहा कशावरून म्हणायचे. ती हसली. मोठ्यांच्या प्रश्नाला हसणे हे पुण्यात शिकवतात.

पाणी ऐंशी अंशांवर हवे. घरात ताप मोजण्याचे थर्मामीटर होते, ते पातेल्यात धरले. फुटले. पारा पाण्यात गेला. सर्व टाकून द्यावे लागले, पातेल्यासह. हल्लीच्या वस्तूंत दम नाही.

दि. २८ ऑक्टोबर, मंगळवार.

आज पाण्याची उष्णता बोटाने पाहिली. बोटाला फोड आला. पाणी बरोबर होते.

तीन मिनिटांसाठी घड्याळ न पाहता एक माळ जप धरला. जपात चित्त इतके एकाग्र झाले की नीलाबाईने खांद्याला हलवून भानावर आणले. तिचे म्हणणे मी घोरत होतो. चहा काळा व अति कडू. कडूपणा हे उच्च प्रतीचे लक्षण आहे. तथापि उत्तरेश्वरास तेवढी समज नसल्याने दार्जिलिंग बाद.

दि. ३० ऑक्टोबर, गुरुवार.

ग्रीन. सेवानिवृत्त शिक्षक विठ्ठलराव यांस परीक्षक म्हणून बोलावले. ते बी.एड. आहेत, मी जुनी चौथी, पहिल्या क्रमांकाने. बरोबरी होते. त्यांनी डोळे मिटून पूर्ण कप घेतला आणि म्हणाले की काढा उत्तम आहे, कफावर की पित्तावर? नीलाबाईने एक घोट घेऊन मेथी उकडलेल्या पाण्याची आठवण काढली.

ग्रीन बाद.

दि. १ नोव्हेंबर, शनिवार.

नीलाबाईने भिंतीवरची बातमी आणली. उत्तरेश्वराच्या किडन्या काम करीत नाहीत. आठवड्यातून दोनदा जीपने बीडला नेतात आणि यंत्रावर रक्त धुऊन आणतात. मी म्हणालो की चांगले आहे. धुतलेली वस्तू जास्त टिकते. ती पुढे आणखी काही सांगू लागली, परंतु माझे पाणी गॅसवर होते. मी तिला हाताने थांबवले.

ऊलाँगचा डबा उघडला. नुसता उघडला.

दि. ५ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिकी पौर्णिमा.

उत्तरेश्वराच्या घरातून वाटीभर शिरा आला. भिवराबाईने, म्हणजे त्याच्या पत्नीने, भिंतीवरून दिला. वाटी रिकामी परत करू नये हे खरे. परंतु नीलाबाईने मला न विचारता त्या वाटीत चिमूटभर व्हाइट चहा घातला. मी वेळीच पाहिले. निमंत्रणापूर्वी चव त्याच्या जिभेवर गेली तर निमंत्रणाला अर्थ काय उरला? पाने वेचून परत डब्यात घातली. वाटीत दोन लवंगा घालून पाठवली. नीलाबाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. घरात शांतता लाभली.

शिरा मी खाल्ला नाही. चाखला. तूप बरे होते.

दि. ९ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी.

ऊलाँग केला. दोनदा केला. नीलाबाई म्हणाली कडब्याचं पाणी हाय. परंतु सुवास भिंतीपलीकडे निश्चित गेला, कारण उत्तरेश्वर ओट्यावर बसून बराच वेळ खोकत होता. मत्सराने घसा कोरडा पडतो. मी खिडकी थोडी अधिक उघडली.

दि. १४ नोव्हेंबर, शुक्रवार.

दोष पानांत नसून पाण्यात आहे, हे आज ध्यानात आले. आमच्या बोअरचे पाणी खारे. अशा पाण्यात प्रत्यक्ष अमृत घातले तरी मचूळ लागेल. जारचे पाणी लावले. जारवाला पोरगा म्हणाला की बाबा, लगीन हाय का घरी. मी म्हणालो, त्याहून मोठे आहे.

तसेच कप. घरातील कपांना टवके आहेत. योगीराज बीडला जाणार आहे. त्यास पांढरे, पातळ, सोनेरी काठाचे दोन कप आणावयास सांगितले. सहाचा संच मिळतो म्हणाला. मी म्हणालो दोनच.

उत्तरेश्वर हल्ली ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. तोंड आमच्या फाटकाकडे असते. ऊन तिकडून येते.

दि. १९ नोव्हेंबर, बुधवार.

आज एक प्रकार झाला. चौथ्या डब्यातील, म्हणजे व्हाइट, प्रथमच करीत होतो. तेवढ्यात उत्तरेश्वर काठी टेकत भिंतीपाशी आला. अंगणात नीलाबाई होती. तिला म्हणाला, "वयनी, वास लई चांगला यायलाय. आप्पा हायत का घरी?"

त्याचा आवाज अकरा वर्षांत बराच बारीक झाला आहे. पूर्वी चावडीवरून ऐकू येई.

मी स्वयंपाकघरातच होतो. नेमके तेव्हा पाणी अति गरम होऊन पाने करपट झाली होती. असा चहा मी त्याच्यापुढे कसा ठेवणार? नीलाबाईस खूण केली की पूजेत आहे म्हणून सांग. दुपारचे चार वाजले होते. त्या वेळी कोणी पूजेत नसते, हे त्यालाही ठाऊक आहे. तो बरं म्हणाला आणि थोडा वेळ भिंतीला धरून उभा राहिला. मग गेला.

त्याने दोन दिवस थांबावयास हवे होते. लहानपणापासून उतावीळ.

दि. २३ नोव्हेंबर, रविवार.

नीलाबाई आज जेवताना बोलली. आमचे लग्न झाल्यापासून ती जेवताना बोलत नाही. म्हणाली, "आवो, चहा ऱ्हाऊ द्या बाजूला. नुसती हाक मारा. तेवढ्यानं बी येतेत ते."

मी तिला समजावून सांगितले की नुसती हाक म्हणजे माघार. उत्तम चहासह हाक म्हणजे निमंत्रण. दोहोंत फरक आहे. ती म्हणाली की त्यांना फरक कळायला वेळ कुठं हाय. मी म्हणालो की मला सर्व ठाऊक आहे. डॉक्टर लोक भीती घालतात. माझे वडील अंगावर ताप काढून आठवडी बाजार करीत.

ती ताट घेऊन उठली. भाकरी अर्धी तशीच होती.

दि. २७ नोव्हेंबर, गुरुवार.

जमला. व्हाइट. जारचे पाणी, उकळी येण्याच्या आधी उतरवलेले, आणि जप डोळे उघडे ठेवून. रंग फिकट पिवळा, पिकलेल्या ज्वारीसारखा. चव आधी लागत नाही, मग किंचित लागते, मग पुन्हा लागत नाही. याहून उत्तम असू शकत नाही. विठ्ठलराव म्हणाले की पाणी छान गरम आहे. त्यांची योग्यता मी मागेच ओळखली होती.

उद्याच बोलावण्याचा विचार होता. परंतु कप आलेले नाहीत. शनिवारी जीपची फेरी असते, त्या दिवशी तो दमलेला असतो. रविवारी योगीराजाची मंडळी घरी असतात, गडबड होते. सोमवार उत्तम. शिवाचा वार. पूजा आटोपून दहा वाजता.

ठरले. दि. १ डिसेंबर, सोमवार.

दि. २८ नोव्हेंबर, शुक्रवार.

कप आले. एकाचा सोनेरी काठ जरा फिका आहे. तो मी घेईन.

विठ्ठलरावांना उत्तरेश्वराच्या जागी बसवून तालीम केली. हाक मारताना काय म्हणावे यावर पुष्कळ विचार केला. प्रथम ठरवले, "उत्तरेश्वरा, तू बोलला होतास, तर हा पाहा चहा." विठ्ठलरावांना ते टोचले. ते म्हणाले की आजारी माणसाला असं बोलतेत का. मग वाक्य कमी करीत करीत "ये, बस" वर आलो. त्यातही "बस" त्याने आपणहून करावे, असे वाटते. म्हणजे "ये" राहिले.

"ये" चारपाच वेळा म्हणून पाहिले. नीलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आत्ता म्हणा की तेवढंच, भिंतीपाशी जाऊन."

सोमवार ठरलेला आहे, हे तिला पुन्हा सांगावे लागले.

दि. २९ नोव्हेंबर, शनिवार.

सकाळी जीप नेहमीपेक्षा लवकर आली. उत्तरेश्वराला दोघांनी उचलून ठेवले. मी खिडकीत होतो. त्याने मान वळवली, असे वाटले. जीपमध्ये बसताना सर्वच मान वळवतात.

सायंकाळपर्यंत जीप परत आली नाही. योगीराज बीडला गेला आहे. रक्त जास्त धुवावे लागत असेल.

कप धुऊन पालथे ठेवले.

दि. ३० नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी.

उत्तरेश्वर सकाळी आला. गाडी वेगळी होती.

सोमवारचे रद्द.

दुपारी समाधी दिली. आम्हा लिंगायतांचे गुरू, जंगम, आले होते. थोरला म्हणून पहिली विभूती मी लावली. त्याच्या कपाळाला अकरा वर्षांनी हात लागला. गार होते.

आमच्यात सुतक धरत नाहीत, परंतु मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. चहा शेजारून जातो. शेजार म्हणजे आम्हीच. वडवणीची अर्धी पेठ बसलेली. व्हाइटचा डबा एवढ्यांना पुरणारा नव्हता. मी तसे म्हणालोही. नीलाबाईने मोठे पातेले चढवले. दुकानातील सुटी पत्ती, साखर, दूध, आले. खळाखळा उकळला. किटली मी उचलली. योगीराज घेतो म्हणाला, मी दिली नाही.

त्या घराचा उंबरा ओलांडला. ओट्यावर खुर्ची होती, तशीच, फाटकाकडे तोंड केलेली. कोणी बसले नव्हते.

लोकांना चहा दिला. कोणी चांगला म्हणाले नाही, कोणी वाईट म्हणाले नाही. अशा दिवशी चहाला कोणी काही म्हणत नाही. आत बायकांत भिवराबाई भिंतीला टेकून होती. मी कप तिच्यापुढे धरला. तिने पदर पुढे ओढला. अकरा वर्षांत प्रथमच माझ्याशी बोलली. आवाज चढवला नाही. रडलीही नाही.

"आप्पा, त्यांचं दिसाचं पाणी मापून होतं. डाक्टरनं त्याच्यावर घोटभर बी देऊ नका म्हणून सांगितलतं. त्यातलं कपभर रोज बाजूला काढून ठेवायचे. आज आप्पा बोलावतील, म्हणायचे, मापाच्या वर चहा झाला तर दम लागंल, म्हणून आधीच राखून ठेवतो. दिवस मावळला की मग ते पाणी पिऊन टाकायचे."

मी तिला सांगितले की उद्याच बोलावणार होतो. सोमवार ठरलेला होता. विठ्ठलरावांना विचारावे. कप आणलेले आहेत.

तिने मान हलवली. माझ्या हातातील किटली घेतली आणि शेजारच्या बाईला चहा ओतून दिला.

घरी आल्यावर नीलाबाईने तांब्याभर पाणी पुढे ठेवले. ते अजून तसेच आहे.