आतली कडी

मंगळवार, दिवेलागणीनंतर

चौकातल्या पुतळ्याचं बोट कुणीतरी तिसऱ्यांदा तोडलं, म्हणून आज त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा बसवून घेतला. वेल्डर शनिशिंगणापूरचा. ज्याच्या घराला दारच नाही, त्याला कडीचं काय कळणार? गड्यानं कडी आतल्या बाजूला बसवली! मी सरपंच, ओरडलेच.

"ताई, आत ऱ्हातो त्यानंच कडी लावायची असती ना?" म्हणाला. उद्या बदलून देतो म्हणून गेला. पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवून मीही घरी आले.

आत्ता परत बघून आले. कडी लागलेली. आतून. जाळीतून माझं बोटही जात नाही, मग लावली कुणी? आत पुतळ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"मी आहे, सरपंच," असं हळूच सांगितलंही.

कडी निघाली नाही.