जांभळाची संमती

कसबा बावडा,
८ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप अण्णांस,

रुचिताचा जयजिनेंद्र आणि साष्टांग नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र त्रिशलाकाकूच्या पिशवीत घालून हुपरीच्या एसटीनं पाठवतेय. काकू "मी वाचून दाखवते की" म्हणेल, तिच्या हातात देऊ नका. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आज क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत तुमचं मन दुखावलं असेल, त्याची उत्तम क्षमा मागते. मात्र झाडांच्या निगेचा धंदा सुरू केला, याची क्षमा मागणार नाही. हा हट्ट आला कुठून, ते आरशात बघा.

धंद्याची कागदपत्रं झाली. मला वाटायचं, दोर, करवत आणि हेल्मेट घेतलं की झालं. कसलं काय! आधी पॅन आणि आधारवर उद्यम नोंदणी केली. तिला पैसे पडत नाहीत, तरी एक एजंट फी मागत होता, त्याला हाकलला. मग दुकान कायद्याची सूचना ऑनलाइन भरली. माणसं दहाच्या आत, म्हणून नुसती पावती मिळते, ती पुरते. बँकेत धंद्याच्या नावाचं खातं काढलं. जीएसटी एवढ्यात लागत नाही.

सेवा केंद्रातल्या माणसानं विचारलं, "ताई, धंदा कसला लिहू? लाकूडतोड?"

मी म्हटलं, "तोड न्हाय, निगा लिवा. झाडांची निगा."

"एकच की ओ."

"एकच कसं? न्हावी आन् खाटीक एकच हाय व्हय?"

त्यानं निगा लिहिलं. मग विचारलं, "सुट्टी कवा?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "अष्टमी आणि चतुर्दशी." "ताई, वार सांगा. तिथी कुठं घालू मी?" शेवटी सोमवार लिहिला. पण अण्णा, अष्टमी-चतुर्दशीला आपल्या घरात हिरवं चिरत नाहीत, तर मी झाडावर करवत कशी चालवीन? गिऱ्हाइकांना तसं सांगून ठेवलंय. कुणी हसतं, कुणी कौतुक करतं. एवढं तरी तुमच्या कानावर असावं.

शहरातलं झाड असेल तर मालकानं महापालिकेच्या वृक्ष विभागात अर्ज द्यायचा, माणूस येऊन झाड बघून जातो, परवानगी आली की मग काम. त्यावर मी माझा एक नियम घातलाय. झाड कुठलंही असो, मालकाची लेखी संमती असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

अपघात विमाही काढला. वारस म्हणून तुमचं नाव आहे. घाबरू नका, तो रकाना सगळ्यांनाच भरावा लागतो. खाली दोर धरायला बाळासो आहेत, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. माणूस बोलघेवडा, पण दोरावरचा हात सोडत नाही.

जेवण वेळेवर करता ना? गुडघ्याला तेल लावता ना?

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले, ते लिहिते. एवढा वेळ टाळत होते.

गेल्या आठवड्यात हुपरीला एक काम बघायला आले होते. परतताना मळ्याकडे वळले. कुंपणाबाहेर उभी राहिले. तुम्ही आईच्या जांभळाखाली बाज टाकून झोपला होता. हाक मारावीशी वाटली, धीर झाला नाही. मग वर बघितलं. बाजेच्या बरोबर वरची फांदी वाळलीय अण्णा. खोडाला जुळते तिथं तिला अळंबी फुटलीत, म्हणजे आतून कुजलीय. जांभळाचं लाकूड आधीच ठिसूळ. ती पडायला वारासुद्धा लागणार नाही.

आई गेल्यापासून तुम्ही त्या झाडाला कुणाला हात लावू दिला नाही, हे मला ठाऊक आहे. झाड हा एकेंद्रिय जीव, त्याला दुखवून पोट भरायचं नाही, असं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. मान्य. पण त्या फांदीखाली झोपतो तो पंचेंद्रिय जीव माझा बाप आहे. मला दुसरा नाही.

तेवढी एकच फांदी उतरवू द्या. सोबत संमतीचा कागद जोडलाय. आणि तोवर बाज घरात, सोप्यात घ्या, तुमच्या पाया पडते.

तुमचीच,
रुचिता

*

मळा, हुपरी
११ सप्टेंबर

चि. रुचिता हीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. त्रिशलाला वाचू दिले नाही. ती रुसून गेली.

फांदी बघितली. तू म्हणतेस ते खरे आहे. बाज सोप्यात घेतली आहे.

मीही उत्तम क्षमा मागतो. एकेंद्रिय जीवाचे मी पुढे केले. ते खोटे नव्हे, पण सगळे खरेही नव्हे. त्रिशलाने मोबाईलवर तुझा फोटो दाखवला होता, नारळाच्या शेंड्याला तू लोंबकळलेली. त्या दिवशी भीतीने मला घास गिळवला नाही. तुला नको म्हटले तर ऐकणार नाहीस, म्हणून धर्म आडवा घातला. तुझी आई असती तर मला चार शब्द सुनावले असते.

रविवारी अष्टमी आहे. सोमवारी ये. सरकारी कागदावर तुला त्या दिवशी सुट्टी आहे, तेव्हा गिऱ्हाईक बुडायचे नाही. फांदीवर मुंगळ्यांची रांग आहे. आदल्या दिवशी मी खाली गूळ ठेवून त्यांना उतरवतो, मग तू चढ.

बाळासोंना अवश्य आण, जेवायला. दोर मी धरणार. बैल आवरलेले हात आहेत, पोरीचा भार त्यांना जड नाही.

कागद सही करून परत पाठवतो. त्यात 'झाडाचा मालक' असे छापले आहे, तेथे तुझ्या आईचे नाव लिहिले आहे. झाड तिने लावले, ते तिचेच आहे.

तिच्या वतीने संमती देणारा,
तुझा अण्णा