सोबत येणाऱ्याचे नाव

३ नोव्हेंबर, सोमवार
निर्णय झाला. लेझर करायचं. मायनस साडेपाच कायमचा हद्दपार! डाव्या बुबुळावरचा पांढरा डाग (लेन्स घालून झोपायचो. डॉक्टर याला निष्काळजीपणा म्हणतात, मी बिझी लाइफ) आधी लेझरने घासणार, मग नंबर काढणार. डॉक्टर म्हणाले, डाग पूर्ण जाईलच असं नाही, थोडा नंबरही राहू शकतो. घाबरवायची सवयच असते या लोकांना. तारीख २२. तोवर लेन्स बंद, जुना चष्मा.
एक किरकोळ अट : सोबत माणूस हवं. घरी न्यायला, आणि पुढे दर दोन तासांनी थेंब टाकायला. त्याशिवाय आत घेत नाहीत. माझा गोतावळा मोठा आहे, काही प्रश्न नाही.

५ नोव्हेंबर
यादी केली. अकरा नावं. सगळे आले तर गर्दी होईल, म्हणून फक्त अंकितला फोन. शाळेपासूनचा जिवलग. त्याने आधी विचारलं, कोण बोलून राहिलं? मोबाइल बदलला असणार. २२ ला त्याच्या साळ्याचं लग्न, रामटेकला. वर म्हणाला, काहून करून राहिला गा हे? चष्मा चांगला तं दिसते तुले.

९ नोव्हेंबर, रविवार
संकल्प : रोज एकाला फोन. आज सुट्टी.

१४ नोव्हेंबर
ऑफिसातल्या गौरांगला विचारलं. दर शनिवारी आम्ही एकत्र तर्री-पोहे खातो, म्हणजे एकाच ठेल्यावर. लगेच हो म्हणाला! थेंबांचं ऐकल्यावर त्याला ऑडिट आठवलं.
गार्गीला सांगायचा प्रश्नच येत नाही. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. ती सक्करदऱ्याला, मी मनीषनगरला. मधे सहा किलोमीटर. मुद्दाम नाही बघितलं, मॅपवर दिसलं.

२० नोव्हेंबर, रात्री
स्वतःच थेंब टाकायची प्रॅक्टिस, साध्या पाण्याने. दहापैकी दोन डोळ्यात, बाकीचे कानात. जमतंय. नंतर तसाच पलंगावर पडून राहिलो. घरात फार एकटं वाटतं. हे लिहायची गरज नव्हती.

२१ नोव्हेंबर
हॉस्पिटलचा ऑनलाइन फॉर्म. 'सोबत येणाऱ्याचे नाव' रिकामं ठेवलं तर पुढे सरकतच नाही. गार्गीचं टाकलं. नातं : पत्नी. निव्वळ फॉर्मॅलिटी. वाचतं कोण?

२२ नोव्हेंबर, शनिवार
रिसेप्शनवरच्या उत्तराबाईंनी विचारलं, मॅडम कुठे आहेत? म्हणालो, गाडी पार्क करताहेत. पाऊण तास गेला. माझ्यानंतरचे दोघं आत जाऊन आले. एकाला बायकोने धरून नेलं, एकाला सासऱ्याने. सासऱ्याने!
शेवटी उत्तराबाई म्हणाल्या, काका, पार्किंगले एवढा वेळ? थांबा, मीच बोलावते. आणि माइक घेतला. गार्गीताई, मधुसूदनभाऊंसोबत आलेल्या गार्गीताई, असाल तिथून रिसेप्शनला या, तुमचे पेशंट वाट पाहून राहिले.
तीनदा.
अख्खा हॉल दाराकडे बघायला लागला. तिसऱ्या वेळी मीही बघितलं. चष्मा पुसून.