हळदीची रजा शिल्लक नाही

२८ एप्रिल

आजपासून धंदा सिस्टिमवर. ठरलं म्हणजे ठरलं.

वेअरहाऊसवाल्या मोठ्या पार्टीचा फॉर्म आला. त्यांचे स्टीलचे डबे खोक्यात भरायचे, लेबल लावायचं, टेप मारायची, हे काम सध्या आपल्या भिवंडीतल्या टेमघरच्या गाळ्यात चालू आहे, पण तात्पुरतं. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट हवं असेल तर एका प्रश्नाचं उत्तर 'हो' पाहिजे: पेरोल सिस्टिम आहे का? १९ मेला त्यांचे साहेब स्वतः गाळा बघायला येणार. हे काम मिळालं की मितेशच्या नाकावर टिच्चून शटरवर नवीन बोर्ड. मितेश माझा चुलतभाऊ. पॅकिंगचाच धंदा, गाळा भिंतीला भिंत लागून. कॉम्प्युटर नाही, प्रिंटर नाही, काही नाही.

आपली माणसं पाच. सगळ्या शेलार गावच्या बायका. एका रिक्षातून येतात, एका रिक्षातून जातात. बायजाबाई त्यांची म्होरकी. सात तारखेला रुचिका तिला विचारते की कोण किती दिवस आलं, आणि त्याप्रमाणे पगार देते. आजवर एकदाही वाद नाही. पण वाद नसणं म्हणजे सिस्टिम नव्हे. हे रुचिकाला समजावलं. बायको असली तरी ती माझं ऐकून घेते. ऐकून घेऊन भाजी निवडत बसली.

बजेट: शून्य. पाच माणसांसाठी पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणारा मूर्ख.

३० एप्रिल

तीन सॉफ्टवेअर शॉर्टलिस्ट. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून लोगोच्या रंगावरून ओळखतो: निळं, केशरी, पोपटी.

निळं फुकट आहे, पण पगाराची स्लिप काढायला पैसे. मग फुकट काय आहे, तर लॉगिन. केशरी दोन आठवडे फुकट. दोन आठवड्यांत चालू करून, साहेबांना दाखवून, बंद करता येईल का, असं त्यांच्या माणसाला विचारलं. तो हसला. मला हसणारे व्हेंडर आवडत नाहीत.

उद्या पोपटीचा डेमो.

१ मे

पोपटीच्या श्रेयाजींनी हिंदीतून डेमो दिला. एकदम प्रोफेशनल. मला 'देवेश सर' म्हणाल्या. कंपनी में कितने एम्प्लॉयी हैं, विचारलं. मी म्हटलं, फिलहाल पचास के अंदर. खोटं नाही.

फ्री प्लॅनमध्ये सगळं आहे. हजेरी, पगार, रजा, मोबाईलवर मेसेज. फक्त एक किरकोळ गोष्ट नाही. रजेचा अर्ज मालकाने स्वतः बघून मंजूर-नामंजूर करायचा असेल तर पेड प्लॅन. फ्री प्लॅनमध्ये सिस्टिमच ठरवते. रजा शिल्लक असेल तर हो, नसेल तर नाही.

मला उलट हेच हवं होतं. माणूस आला की भीड येते. मशीनला भीड नाही.

पोपटी फायनल.

३ मे

हजेरी चेहऱ्यावरून. बायजाबाई तोंडाला स्कार्फ बांधून आली, मशीनने ओळखलं नाही. स्कार्फ सोडायला सांगितला तर म्हणाली, दादूस, तू मला लहानपनापासून वलखतंस, आता ह्या डब्याला इचारून आत घेनार काय? सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. बदल होताना लोक हसतातच.

शेवटी पाचही चेहरे घेतले. एका चेहऱ्यावर दोन नावं पडली आहेत. बघू.

५ मे

आज रजेचे प्रकार भरायचे होते. सिस्टिममध्ये आयते तीन असतात: कॅज्युअल, सिक, अर्न्ड. मी बायजाबाईला विचारलं की तुम्ही साधारण कशासाठी रजा घेता. ती म्हणाली, हलदीला.

आजारपण? म्हणाली, आजारी पडली तरी येतंव, घरी कोन बघनार? पण हलद सोडत न्हाय.

हा डेटा महत्त्वाचा आहे. आमच्या आगरी लोकांत लग्न चुकलं तर चालतं, हळद चुकली तर सात पिढ्या ऐकवतात. गेल्या मे महिन्यात शेलारला किती हळदी झाल्या हे आठवून बघितलं आणि घाम फुटला. अर्धा महिना माझा गाळा पिवळा होता.

म्हणून चौथा प्रकार तयार केला: 'हळद'. वर्षाला दोन. भारतात हे बहुधा कोणी केलं नसेल. श्रेयाजींना फोन करून सांगितलं. त्यांनी 'हल्दी? दूधवाली?' असं विचारलं. पुढे बोलणं झालं नाही.

६ मे

नामंजुरीचा मेसेज स्वतः लिहिला. इंग्रजी मेसेज पुचाट होता. माझा असा: 'आपली हळदीची रजा शिल्लक नाही. विनापरवानगी गैरहजर राहिल्यास पगार कापला जाईल व कारवाई होईल. हुकमावरून, व्यवस्थापन.'

रुचिकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, व्यवस्थापन कोण? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मग चहाचं दूध संपलंय, व्यवस्थापनाने आणावं.

८ मे

पहिला पगार सिस्टिमवरून काढायचा होता. काल रात्रीपासून गोल फिरतंय. रुचिकाने बायकांना नेहमीसारखा पगार देऊन टाकला. मी तिला सांगितलं की असं केल्याने सिस्टिम गोंधळते.

मितेश डोकावून गेला. काय चाललंय, विचारलं. मी स्क्रीन बंद केली. धंद्याचं गुपित असतं.

१० मे

काल गाळ्यावर नव्हतो. काल्हेरला मामेभावाची हळद होती, परवा रात्री तयारी, आज डोकं जड. ॲडमिनला रजा लागत नाही, हे सेटिंग मी आधीच केलं होतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

बायजाबाई आणि तिची जाऊ त्याच हळदीला होत्या. दोघींची एकेक रजा आपोआप वजा झाली. मोबाईलवर बघून मला फार समाधान वाटलं. नाचता नाचताच बघितलं.

१२ मे

बायजाबाई पत्रिका घेऊन आली. तिच्या मुलीची, रंजिताची हळद १७ ला. पाचही जणी दोन दिवस येणार नाहीत म्हणाली. मी म्हटलं, अगं, विचारतेस काय? जा की. मी सुद्धा येतो, रुचिकाला घेऊन. आधी सगळा माल भरून ठेवतंव, तुजा सायेब आला की फकस्त दाखव, असं ती म्हणाली.

चांगली बाई आहे. तिने मला शाळेत असताना शेलारच्या तळ्यातून बाहेर काढलं होतं. तेव्हा मला पोहता येतं असं मला वाटत होतं.

अर्ज मात्र ॲपवरूनच टाक, असं सांगितलं. शिस्त ती शिस्त. तोंडी हो, अर्ज ॲपवर. ती म्हणाली, रंजिता टाकील, तिला येतं.

१३ मे

बेचैन वाटतंय. कारण कळत नाही. दिवसभर ॲप उघडून बघतोय. सगळे आकडे हिरवे. साहेब आले की आधी हजेरी दाखवायची की आधी रजा? दोनदा रंगीत तालीम केली. रुचिकाला साहेब केलं. ती साहेब म्हणून जास्त प्रश्न विचारते.

१५ मे

सिस्टिमचा परिणाम दिसायला लागला! बायजाबाई आज मला 'सर' म्हणाली. सगळ्या वेळेवर. गप्पा नाहीत, हसणं नाही, गाणं नाही. चहाला सुद्धा एकेक करून उठल्या. संध्याकाळपर्यंत सगळा माल भरून, टेप मारून, भिंतीला रचून तयार.

याला म्हणतात कॉर्पोरेट वातावरण. मितेशने भिंतीला कान लावला असेल तरी काही ऐकू आलं नसेल.

१६ मे

कोणी आलं नाही. बरोबर आहे, रजा आहे. पण ॲपमध्ये पाचही नावं लाल. 'गैरहजर'.

बग असणार. श्रेयाजींचा फोन लागत नाही.

१६ मे, दुपार

बग नाही.

रंजिताने परवा आईच्या नावाने अर्ज टाकला. बायजाबाईची एक हळद काल्हेरला गेली होती, दुसरी, एप्रिलमधली, मी मागची तारीख टाकून भरली होती, रेकॉर्ड पूर्ण दिसावं म्हणून. शिल्लक शून्य. घरात पाहुणे जमलेले, मांडवाचे बांबू उतरत होते, आणि नवरी मुलीने सगळ्यांसमोर माझा मेसेज मोठ्याने वाचला. पगार कापला जाईल व कारवाई होईल. हुकमावरून.

बाकीच्या चौघींनी मग अर्जच टाकला नाही. हे रुचिकाला रंजिताने फोनवर सांगितलं. रुचिका माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे एवढं सांगितलं आणि मग बोलणं बंद केलं.

पण मी तोंडाने 'हो' म्हटलं होतं! 'नाही' सिस्टिमने म्हटलं. हा फरक कोणी समजून घेईल का? मेसेजची भाषा माझी होती हे मान्य. पण तो बायजाबाईसाठी लिहिलेलाच नव्हता. कोणासाठी लिहिला होता, हे आता आठवत नाही.

१६ मे, संध्याकाळ

पेड प्लॅन घेतला. वर्षाचा. महिन्याचा नसतो. पैसे परत मिळत नाहीत. सगळ्यात महागडा घ्यावा लागला, कारण स्वस्तात 'मंजूर' बटण आहे पण जुन्या अर्जावर चालत नाही.

बटण दाबलं. बायजाबाईला मेसेज गेला: 'आपली रजा मंजूर. शिल्लक रजा: वजा एक.'

हे वजा एक माझं नाही. हे आयतं येतं.

१८ मे

काल हळदीला गेलो. पाय निघत नव्हता, रुचिकाने काढला. ती बोलली एवढंच: आहेराचं पाकीट तुम्ही द्या, मी मागे उभी राहते.

वाटलं होतं, कोणी विचारणार नाही. उलट. खुर्ची दिली, सरबत दिलं, बायजाबाईच्या नवऱ्याने जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं. मांडवात शेलारच्या पाचही जणी पिवळ्या साड्यांत. बायजाबाई स्वतः आली आणि दोन्ही हातांनी माझ्या गालाला हळद फासली, अगदी घरच्या माणसाला फासतात तशी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खरंच आलं. लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

म्हणजे मिटलं, असं मला वाटलं. म्हणून लगेच म्हटलं, बायजाबाय, मग सोमवारी नऊला, साहेब येणार आहेत.

ती हसली. माझा हात हातात धरूनच म्हणाली, दादूस, हलद लावली म्हंजे ड्युटीवर आली आसा न्हाय. मांडवात आला तो पावना, त्याला हलद लावतंवच. कामाचं मितेशशेठला बोल्लंव.

मितेश तिथेच बेंजोवाल्यांसमोर नाचत होता. वाईट नाचतो.

घरी येऊन तोंड धुतलं. हळद जात नाही लवकर.

१९ मे

रुचिका आली नाही. मांडवपरतणी संध्याकाळी, तरी सकाळीच शेलारला गेली. रजेचा अर्ज टाकला नाही. मी टाक म्हटलं सुद्धा नाही.

गाळा एकट्याने झाडला. सकाळी ॲपने सगळ्यांना गैरहजर धरून पेड प्लॅनचा पहिला रिपोर्ट पाठवला: 'पुढील महिन्याचा अंदाजित पगार खर्च: शून्य. अभिनंदन!' लेट कोणी नाही. रजा पेंडिंग नाही.

साहेब साडेअकराला आले. सभ्य माणूस. मी आधी हजेरी दाखवली, मग रजा, मग 'हळद' हा प्रकार. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं. सिस्टिम छान आहे म्हणाले. रचलेला माल बघितला, एक खोकं उघडलं, टेपवरून बोट फिरवलं. इतकं नीट पॅकिंग भिवंडीत बघितलं नव्हतं म्हणाले. मग विचारलं, हे करणारी माणसं कुठे आहेत?

मी म्हटलं, हळदीला गेलीत.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी पडलं आणि पाचही जणी एकदम खळखळून हसल्या. मग कोणीतरी गाणं धरलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ॲपकडे बघितलं.

साहेब म्हणाले, जरा बाजूच्या गाळ्यात बघून येतो.

अजून आले नाहीत.