हिरवी गाडी उभी ठेवू नये

मी, राबिगा, दिवंगत सापार यांची पत्नी, निवृत्त ट्रॉलीबस चालक, राहणार अल्माटी, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. यकृत कामातून गेले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी तोंडी कुणाला काही कबूल केले असल्यास ते रद्द समजावे.

१. माझा राहता दोन खोल्यांचा फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी शोल्पान हिला मिळावी. सापार गेल्यापासून तिने त्याचे कपाट कुलूपबंद ठेवले आहे. ते उघडावे व कोट गरजूंना द्यावेत. आत कसर लागली आहे, सांगून सांगून थकले.

२. आमच्या वडिलांचे चांदीकाम केलेले खोगीर धाकटा भाऊ दोसिम याने मला न विचारता नेले. ते त्याच्याकडेच राहावे. मी विसरलेले नाही, एवढीच नोंद व्हावी.

३. सापारचे पाने, जॅक व लोखंडी पेटी गॅरेजवाले तुर्गान यांना द्यावी. मी आजारी पडल्यावर घरी येऊन विचारपूस करणारे ते एकटेच.

४. माझी दोन आसनी, उघड्या छताची हिरवी स्पोर्ट्स कार शोल्पानला मिळावी, मात्र कलम पाच व सहा यांतील अटींवर. या गाडीविषयी थोडे सांगणे भाग आहे.

जन्मभर मी तारेला बांधलेली बस हाकली. तार जाईल तिकडे मी. म्हातारपणी मनाला येईल तिथे वळावे, एवढीच हौस होती, म्हणून या वसंतात राखिलाबाईंकडून ही जुनी गाडी घेतली. त्यांचा मुलगा आजाराने गेला होता. आमच्यात माणूस गेला की त्याच्या घोड्याचे शेपूट छाटतात, वर्षभर त्यावर कुणी बसत नाही आणि वर्षाच्या जेवणाला तोच घोडा कापतात. बाईंनी मुलाच्या गाडीलाही तोच मान दिला. पण गाडी काही कापता येत नाही. वर्ष सरले, त्यावर आणखी कैक वर्षे गेली आणि ती उभीच राहिली. बाई ती रोज पुसायच्या. मला म्हणाल्या, "एक ओरखडा दाखवा." खरोखर एकही नव्हता.

इतकी कमी चाललेली, म्हणजे नवीच मिळाली असे मी धरून चालले. मेदेउच्या घाटातून उतरताना ब्रेकचे पेडल मऊ लागले आणि पार तळाला गेले. शोल्पान शेजारी बसली होती. हँडब्रेक ओढत, कडेच्या दगडांना चाक घासत कशीबशी थांबवली. पोरगी पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "आपा, विकून टाक ही." (आमच्यात आईला आणि कुणाही वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात.)

तुर्गानने गाडी वर उचलून खालून बघितली. "आपा, नवी आहे म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कमी चाललीय की रे."

"चालली नाही म्हणूनच तर वाट लागलीय. ब्रेक ऑइलमध्ये पाणी झालंय, रबर सगळं वाळलंय. टायरची नक्षी बघून भुललात ना? हात लावून बघा, लाकूड झालंय."

सीटखाली उंदरांनी घर केले होते ते वेगळेच.

५. तेव्हा देखभाल अशी करावी. किलोमीटर कितीही कमी दिसोत, इंजिन ऑइल दरवर्षी आणि ब्रेक ऑइल एक वर्षाआड बदलावे. टायर घेताना बाजूवर छापलेली तारीख वाचावी, नक्षी बघून भुलू नये. इंजिनातला टायमिंग पट्टा व पाण्याचे पाइप मी बदलून घेतले आहेत. पुढे तुर्गानला विचारावे, दोसिमला विचारू नये. आठवड्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत गाडी चालवावी. जागेवर सुरू करून बंद करणे म्हणजे चालवणे नव्हे. हिवाळ्यात बर्फाचे टायर घालावे, घरी बसू नये.

६. मला झोप लागली आहे असे समजून दोसिम शेजारच्या खोलीत शोल्पानला म्हणाला, "तुझी आई गेली की गाडीवर काळं कापड घालू. वर्षभर कुणी हात लावायचा नाही. वर्षाच्या जेवणाला विकू, म्हणजे जेवणही थाटात होईल."

ती म्हणाली, "हो मामा."

हो मामा! बाप गेला त्या दिवसापासून या मुलीने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या. आता माझ्यामागे ही त्या कापडाशेजारी बसून राहील, याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटते. म्हणून अट अशी, की मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत शोल्पानने गाडी स्वतः चालवून तुर्गानच्या गॅरेजात न्यावी. न नेल्यास गाडी तुर्गानची होईल. त्यांनी ती वापरावी किंवा विकावी, पण झाकून ठेवू नये. ओरखडे पडले, पत्रा चेमटला, तरी माझी काही तक्रार नाही.

७. माझ्या वर्षाच्या जेवणाला साधा पुलाव पुरे.

सही करण्यापूर्वी एक नोंद. आज इकडे नोटरीच्या कचेरीत यायला निघताना मला उभे राहवत नव्हते. गाडी दारात होती, ब्रेक नवे, टाकी भरलेली. मी चावी शोल्पानपुढे धरली. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "बसने जाऊ ना, आपा. बरी झालीस की तूच चालव." बसमध्ये खूप गर्दी होती. ती सगळा वेळ माझ्या कमरेला धरून उभी होती. मी बरी होणार नाही हे तिला ठाऊक आहे.

ती आता बाहेर बाकावर बसली आहे. सहावे कलम जरा सौम्य करायचे का, असे नोटरीबाईंनी विचारले. मी नको म्हणून सांगितले.

ठिकाण : अल्माटी
दिनांक : ६ नोव्हेंबर २०१९

(सही) राबिगा

साक्षीदार :
१. केंजेबेक, ट्रॉलीबस डेपोतील माजी सहकारी (सही)
२. नुरबिबी, शेजारीण (सही)